डाग कुठे आहेत ते लिही

अकोट, दि. १२ जुलै १९६४

ती. ललिताताईस,
देवमनचा जयभीम.

तुझे पत्र पोचले. तू अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नर्सिंग शिकत आहेस हे मी आमच्या दवाखान्यात सर्वांना सांगितले आहे. डॉक्टर ओमप्रकाशजी म्हणाले, "देवमन, बहीण सिस्टर होऊन आली की तू पट्ट्या बांधायच्या आणि तिने तुझ्या चुका काढायच्या." सर्व हसले. मीही हसलो. मी सातवी पास ड्रेसर, मला तर आत्ताच चुकांची भीती वाटते.

शालूबद्दल विचारलेस. मी दर रविवारी डोमाजीदादांकडे जाऊन तिला पाहतो. पुंजाजीभाऊ वारल्यावर थोरला भाऊ म्हणून त्यांनी तुझी मुलगी सांभाळली, हे वस्तीत सर्व जण बोलतात. नर्सांच्या वसतिगृहात मूल ठेवता येत नाही, त्याला तू तरी काय करणार? शालूची तब्येत ठीक आहे. मागच्या महिन्यात ती ओट्यावरून पडली व डावा हात मोडला. तुझी परीक्षा जवळ आहे म्हणून तेव्हा कळवले नाही. आता प्लास्टर काढले आहे. (आमचे कंपाउंडर "प्लॅस्टर" लिहितात. बरोबर कोणते ते कळव.)

चौथे वर्ष सरत आले तरी ती अजून बोलत नाही. एकटीच मोठमोठ्याने आवाज काढते. दादा कापसाच्या जिनिंगमध्ये रात्रपाळीचे चौकीदार असल्यामुळे दिवसा झोपतात, त्यांची झोप मोडते. हाक मारली तर लक्ष देत नाही, म्हणून कौशल्यावहिनी चिडतात. परवा मला म्हणाल्या, "माय तिकडं नर्स होऊन रायली, पोट्टी इकडं बालिष्टर झाली. बोलावलं तं पाहत बी नाही!" वाचा फुटावी म्हणून त्यांनी तिला पोपटाने उष्टावलेला पेरू चारला. मी म्हणालो, "वहिनी, दीक्षा घेऊन आठ वर्षे झाली, आता असले उपाय कशाला?" त्या म्हणाल्या, "पेरूले कोनता धरम असते, भाऊ?"



तुझा
देवमन


अमरावती, दि. २३ जुलै १९६४

चि. देवमन यास,
जयभीम व आशीर्वाद.

प्लास्टरच बरोबर. तुझं अक्षर पाहून इथल्या मुली विचारतात, भाऊ मास्तर आहे का?

शालू कुठून पडली म्हणतोस? ओटा तर कमरेएवढाही नाही. हात नीट बसला ना? तिचे केस गुंतले असतील. दर रविवारी तू स्वतः तेल लावून विंचरून दे, जाऊबाईंना दोन लेकरांपुढे वेळ कुठला मिळणार?

आमच्याकडे नवीनच वर्ग सुरू झाला आहे. डॉक्टर वच्छलाबाई मद्रासकडे लहान मुलांचं शास्त्र शिकून आल्या आहेत. नर्सांना आणि आजूबाजूच्या दवाखान्यांतल्या तरुण डॉक्टरांना त्या एकत्र शिकवतात. मूल मान कधी धरतं, बसतं कधी, बोलतं कधी. उशीर झाला तर त्याला वेडं किंवा हट्टी म्हणण्याआधी काय काय पाहायचं. दुसरा विषय तर आम्ही कोणी कधी ऐकलाच नव्हता. घरच्याच माणसाच्या हातानं जखमी झालेलं मूल दवाखान्यात येतं आणि आपल्याला ते ओळखू येत नाही, असं त्या म्हणाल्या. परदेशी डॉक्टरांनी ह्यावर दोन वर्षांपूर्वीच एका मासिकात लिहिलं आहे म्हणे.

एक डॉक्टर उठून म्हणाले, "मॅडम, हे त्या लोकांचं. आपल्याकडे आईबाप मुलाला जपतात. इथे हगवण, देवी, गोवर पाहता पाहता दिवस जातो." बाई म्हणाल्या, "तुम्ही हगवण पाहता, कारण ती पाहायला तुम्हाला शिकवलंय." 

शालूच्या बोलण्याची मी काळजी करत नाही. तिचे वडीलही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, असं सासूबाई सांगायच्या. मी थाळी वाजवली की ही पोर नाचायची, आठवतं?

तुझी
ललिताताई


अकोट, दि. १६ ऑगस्ट १९६४

ती. ललिताताईस,
देवमनचा जयभीम.

केस विंचरून दिले. एक गोष्ट लिहायची की नाही यावर मी बराच विचार केला. वाचून घाबरू नकोस. आता सर्व ठीक आहे.

मागच्या आठवड्यात वहिनी शालूला दवाखान्यात घेऊन आल्या. ताप होता व झगा अंगाला चिकटला होता. मी कोमट पाण्याने भिजवून सोडवला, तर खाली भाजलेले डाग. माझ्या लगेच लक्षात आले. पोपटाच्या पेरूने वाचा फुटली नाही म्हणून आता भगताकडून तापल्या लोखंडाचे डाग दिले!

ताई, मला फार लाज वाटली. त्याच दिवशी सकाळी आपल्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्याच्या दंडावर मंतरलेला दोरा निघाला, तेव्हा कंपाउंडर मोठ्याने म्हणाले होते, "का बुवा, धर्म बदलला अन् दोरा तसाच राहिला काय?" सारा व्हरांडा हसला होता. शालूचे डाग पाहून ते काय म्हणतील हे मला ऐकू येत होते. डॉक्टर साहेबांनी टेबलावरूनच विचारले, "काय झालं?" वहिनी काही बोलण्याच्या आत मीच सांगितले, "चुलीवर पडली, साहेब." त्यांनी मलम लिहून दिले. पट्टी मीच बांधली, म्हणून दुसऱ्या कोणी पाहिले नाही.

संध्याकाळी मी दादांकडे गेलो व स्पष्ट बोललो. "दादा, तुम्ही नागपूरला जाऊन बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आणि घरात लेकराला डाग देता?" मला वाटले ते भांडतील. त्यांनी माझ्याकडे पाहत मिशीला पीळ दिला. मग म्हणाले, "हो बापा, देल्ले डाग. पोट्टी बोलत नाही म्हून देल्ले. चुकलंच." इतक्या मोठ्या माणसाने माझ्यासारख्यापुढे चूक कबूल केली. पुन्हा असे होणार नाही असे त्यांनी वचन दिले आहे.

वहिनी मात्र भाकरी थापत राहिल्या. त्यांना पश्चात्ताप झालेला दिसला नाही.

तुझा
देवमन


अमरावती, दि. २८ ऑगस्ट १९६४

चि. देवमन,

तुझं पत्र आलं तेव्हा मीही जाऊबाईंवरच चिडले. चार दिवस मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. तू डॉक्टरांना चूल सांगितलंस, तेही मला बरंच वाटलं. वस्तीची अब्रू राहिली, असं वाटलं.

काल वर्गात वच्छलाबाईंनी भाजलेल्या मुलांची चित्रं दाखवली. त्या म्हणाल्या, डाग देणं वाईटच, पण डाग देणारा इलाज समजून देतो. तो जागा पाहतो. पोटावर, बेंबीच्या भोवती, कधी कपाळावर. एका वेळी देतो आणि संपतं. रागानं भाजणारा जागा पाहत नाही, आणि तो पुन्हा भाजतो. म्हणून डाग म्हटलं की पट्टी बांधून मोकळं व्हायचं नाही. जागा पाहायची. जुनं किती, नवं किती ते पाहायचं. त्याच मुलाचं हाडही मोडलेलं असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहायच्या.

मी लिहून घेत होते. तिथेच थांबले.

देवमन, डाग कुठे आहेत ते लिही. तू जागा लिहिलीच नाहीस.

आणखी एक कर. तिच्या पाठीमागे, तिला दिसणार नाही असं उभं राहून घंटा वाजव. पाय आपटू नकोस, काही खाली पाडू नकोस. जमिनीचा हादरा मुलांना कळतो. थाळीच्या हादऱ्यावर नाचणाऱ्या मुलांचंही बाईंनी सांगितलं. थाळी मी नेहमी जमिनीवर ठेवून वाजवत होते.

लगेच लिही.

ललिताताई


अकोट, दि. ६ सप्टेंबर १९६४

ती. ललिताताईस,
देवमनचा जयभीम.

तू सांगितल्याप्रमाणे सर्व केले. जसे घडले तसे लिहितो.

शेजारच्या रामराव पाटलांच्या गड्याकडून बैलाच्या गळ्यातली घंटा मागून घेतली. शालू अंगणात चिंचोके मांडत बसली होती. मी तिच्या मागे उभे राहून घंटा वाजवली. वहिनींचा मिलिंद वळला, तान्ही दचकून रडू लागली, कोंबड्या पळाल्या. दादा आतून खाटेवरून ओरडले, "काय रे, बैल आनला काय घरात?" शालू चिंचोके मांडत राहिली.

"ढोंग हाय," वहिनी म्हणाल्या. "मी समोर असली म्हंजे समदं समजते तिले."

"समोर असता तेव्हा ती तुमच्या हाताकडे आणि तोंडाकडे पाहते, वहिनी. आता तुम्ही मागून हाक मारा."

त्यांनी हाक मारली. मग आणखी मोठ्याने मारली. मग अगदी तिच्या मानेशी वाकून "शालू वं!" असे ओरडल्या. पोरीने एक चिंचोका उचलून दुसरीकडे ठेवला.

वहिनी तिथेच खाली बसल्या. हाताला पीठ होते, ते तसेच कपाळाला लागले. म्हणाल्या, "मंग मी दोन वर्सं कोनाले हाका मारून रायली होती?"

नंतर मी शालूचा झगा वर केला. ताई, पोटावर एकही डाग नाही. सर्व पाठीवर आणि मांड्यांच्या मागे आहेत. काही जुने, पांढरे पडलेले. काही काळे. दोन अजून ओले आहेत, म्हणजे वचन दिल्यानंतरचे. सर्वांचा आकार एकच, भाकर उलथायच्या सराट्याच्या पुढच्या पात्यासारखा. मी पट्टी बांधली त्या दिवशीही ते पाठीवरच होते. मी "डाग" एवढा एकच शब्द मनात आणला आणि पुढे पाहिले नाही.

मी विचारले, "हे कोणी केले?" वहिनी चुलीकडे पाहत राहिल्या. दादा बाहेर आले. "मले काय इचारतं? चूल बाईची, सराटा बाईचा. मी तं दिवसा झोपून रायतो. त्या रोजी तूच डाग मनलं, मी हो मनलं. घरची अब्रू हाय बापा. बाई मानूस, कवा कवा हात सुटते."

मी वहिनींना म्हणालो, "बोला ना काहीतरी." पदर तोंडात धरून त्या आत गेल्या. त्यावरून मी काय ते समजलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर साहेबांना सर्व सांगितले. ते म्हणाले, "चूल तूच सांगितलीस ना? आता तूच म्हणतोस चूल नाही. उद्या आणखी काही म्हणशील. आणि भाजल्याचं मलम एकच असतं रे, चुलीनं भाजो की माणसानं. घरच्या भानगडी दवाखान्यात आणू नको." मी त्यांना पाठ पाहण्याची विनंती केली. बाहेर रांग मोठी होती.

मी काय करू ते लिही. मला झोप लागत नाही.

देवमन


अमरावती, दि. १० सप्टेंबर १९६४

देवमन,

तिला घेऊन ये. कोणाची परवानगी मागू नकोस. कोणी विचारलं तर आईनं बोलावलं म्हण. मी बाईंना सगळं सांगितलं आहे, त्या तिला मुलांच्या वॉर्डात ठेवून घेतील.

बसमध्ये तिला पाठ टेकवून बसवू नकोस. मांडीवर पालथी घे.

ललिता


अकोट, दि. ४ ऑक्टोबर १९६४

ती. ललिताताईस,
देवमनचा जयभीम.

शालूला तुझ्याकडे सोडून परत आल्यापासून लिहिणे झाले नाही, कारण इथे बरेच काही घडले. त्या दिवशी ती तुझ्याकडे न येता माझ्याच सदऱ्याला धरून राहिली, त्याचे मनाला लावून घेऊ नकोस. दोन वर्षे तिने तुला सणावारीच पाहिले. आता ओळखते का? कानाचे डॉक्टर काय म्हणाले?

दादा आधी दवाखान्यात येऊन माझ्यावर ओरडले, की मी मूल पळवले व समाजाचे नाव खराब केले. मी शांतपणे म्हणालो, "तुम्ही वहिनींना पाठीशी घालता, म्हणून हे करावे लागले."  मग त्यांनी स्वतःच वस्तीतल्या पंचांना बोलावले व सर्वांसमोर सांगितले, की बायकोने पोरीला भाजले, मला आता अशी बाई घरात नको. पंचांनी मलाही विचारले. मी पाहिले ते सर्व व्यवस्थित सांगितले. दादांच्या डोळ्यांत पाणी होते. एवढा मिशीवाला माणूस रडताना पाहून पुष्कळ जण हळहळले.

कौशल्यावहिनींना धामणगावला माहेरी पाठवले. अशा बाईजवळ लेकरे कशी द्यावी, असे पंचांचेही मत पडले, म्हणून मिलिंद व तान्ही दादांकडेच आहेत. दिवसा ते घरी असतातच. रात्री शेजारच्या पार्बताबाई येऊन झोपतात.

बसथांब्यावर वहिनी मला म्हणाल्या, "देवमनभाऊ, लेकराइले पाहत जा. दिवसा येत जा जी, दिवसा." आता ही माया कुठून आली, असे मला वाटले.  दिवसा मला ड्यूटी असते.

निदान एक गोष्ट वेळेवर उघडकीस आली, एवढे समाधान आहे. तुझी परीक्षा कशी झाली?

तुझा
देवमन


अमरावती, दि. ८ ऑक्टोबर १९६४

चि. देवमन यास,

हे पत्र टपालानं नाही, अकोटला जाणाऱ्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. आधी सगळं सांगते, म्हणजे तू पुन्हा कोणाच्या बोलण्यात येणार नाहीस.

शालूला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही आणि येणार नाही. तान्हेपणी तिला मोठा ताप आला होता, त्यात गेलं असावं. हाताचं एक्स-रेचं चित्र काढलं. हात दोनदा मोडलेला आहे. प्लास्टर एकदाच झालं.

वच्छलाबाईंनी मला विचारलं, "अकोला, बुलढाण्याकडून डॉक्टर येणार आहेत. शालूला वर्गात दाखवू का? तू नाही म्हणालीस तर नाही." मी म्हटलं, मी स्वतः धरून उभी राहीन.

आज दाखवली. मी तिला पोटाशी धरलं, पाठ वर्गाकडे. बाईंनी झगा वर केला आणि विचारलं, "काय दिसतं?" पहिले डॉक्टर म्हणाले, डाग. दुसरे म्हणाले, देशी इलाज, खेड्यात चालतंच. तिसऱ्यांनी मान हलवली. सगळे शिकलेले, देवमन, आणि सगळ्यांना तुझाच शब्द सुचला. मग बाईंनी जागा दाखवली, जुनं-नवं दाखवलं, हाताचं चित्र उजेडात धरलं. मागून कोणीतरी चिडून म्हणालं, "पण ह्या मुलीची आई कुठे होती?"

बाई त्याला थांबवणार होत्या. मी म्हटलं, "ह्याच वर्गात. तिसऱ्या बाकावर. अशी मुलं कशी ओळखायची ते लिहून घेत होती."

वर्ग सुटल्यावर अकोल्याचा एक तरुण डॉक्टर व्हरांड्यात माझ्याजवळ आला. ओशाळून म्हणाला, "सिस्टर, इलाजाचा डाग नेमका कुठे असतो, पुन्हा एकदा दाखवाल?" मी माझ्या पोटावर बोट ठेवून दाखवू लागले. शालू माझ्या हाताकडे पाहत होती. तिनं माझं बोट धरलं, पोटावरून काढलं आणि स्वतःच्या पाठीवर नेलं. मग माझ्यासमोर उभी राहिली. मूठ वळून हात वर उचलला आणि सराटा टेकवावा तसा हवेत टेकवला. हे तिनं दोनदा केलं.

मी मुठीकडे बोट केलं आणि पदर डोक्यावरून ओढून दाखवला. जाऊबाई घेतात तसा. शालूनं मान हलवली. नाही. मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून पुन्हा पदर ओढला. तिनं माझा पदर खाली ओढून टाकला, आपल्या दोन्ही हातांच्या चिमट्या वरच्या ओठावर ठेवल्या आणि बाहेरच्या बाजूला पीळ दिला. मग गाल हातावर ठेवून डोळे मिटले, झोपलेल्या माणसासारखे. एकदम डोळे उघडून उठली आणि पुन्हा मूठ उचलली.

माझ्या लेकीनं मला सांगितलेली ही पहिली गोष्ट.

तो डॉक्टर मला विचारत होता, "काय म्हणते ती?" मी त्याला सांगितलं. तुलाही आता सांगायला नको.

कौशल्याबाईंना मी मागाहून लिहीन. काय लिहू ते मला कळत नाही.

मिलिंदला ऐकू येतं, गप्प म्हटलं की तो गप्प बसेल, पण तान्ही दिवसा रडत असेल. तान्ही मुलं रडतातच. ती दोघं ह्या वेळी त्या माणसाजवळ आहेत, हे तूच लिहिलं आहेस.

ड्यूटी सोड. पत्र हातात पडेल तसा जा.

ललिताताई